पहिली ओळ कुणाची, शेवटची कुणाची

दिवाळी अंक हातात आला की लोक आधी अनुक्रमणिका उघडतात. वाचकाला वाटतं, हे पान आपल्यासाठी आहे. अंकात काय आहे, कुठे आहे, ते आपल्याला सापडावं म्हणून. उमेदवारीच्या काळात मीही तसंच समजत होतो. अर्धं आयुष्य पानं लावण्यात गेल्यावर आता सांगतो, अनुक्रमणिका वाचकासाठी नसते. ज्यांची नावं तिच्यात आहेत त्यांच्यासाठी ती असते, आणि ज्यांची नाहीत त्यांच्यासाठी तर जास्तच असते.

नांदेडला वजिराबादेत एका गाळ्यात बसून मी छपाईसाठी पानं तयार करतो. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल हे पोटापाण्याचं. पण मला ज्याचा थोडा अभिमान आहे ते काम वेगळं. आमच्या भागात संगीताला वाहिलेली दोन मासिकं निघतात, लातूरचं ‘मींड’ आणि नांदेडचं ‘ठेका’. दोन्ही माझ्याच संगणकावर जन्मतात. मासिक हा शब्द आदराने वापरतो आहे. ‘ठेका’ जाहिराती जमल्या की निघतं, आणि ‘मींड’ संपादकांचा घसा बसला की निघतं, कारण एरवी ते गात असतात.

स्वभावाने मी अपराधी माणूस आहे. कुणाच्या नावावरचा अनुस्वार सुटला तर मला जेवण जात नाही. बायको म्हणते, “तुमच्याकडं गुन्हा नसला की तुम्ही शेजाऱ्याकडून उसना आणता.” एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन मासिकांचं काम एकाच माणसाने करावं का, हा प्रश्न मला रोज पडतो. दोन्ही संपादकांना तो पडत नाही. दोघांनाही सगळं ठाऊक आहे, पण दोघेही माझ्याशी असे बोलतात की जणू दुसऱ्याचं मासिक आपोआप छापून येतं.

‘मींड’चे संपादक दिगंबरराव. महाविद्यालयात संगीत शिकवून निवृत्त झाले, स्वतः गवई. त्यांची अनुक्रमणिका म्हणजे रिकाम्या जागेचा रियाज. वर अर्धं पान कोरं, मग बारीक टाइपात लेखांची नावं, प्रत्येक दोन ओळींमध्ये इतकी जागा की मधे बसून तंबोरा लावावा. नावांमागे पंडित, गुरुवर्य, विदुषी यातलं काही नसेल तर लेखकाला पोरकं वाटतं, म्हणून तेवढं मात्र असतं. शेवटच्या ओळीत नेहमी दिगंबररावांचा स्वतःचा लेख. इतका मोठा माणूस, संपादक, आणि स्वतःला सगळ्यांच्या खाली घालतो! हा त्यांचा विनय मी कितीतरी लोकांना कौतुकाने सांगितला आहे.

‘ठेका’चे संपादक बालाजीअण्णा. यांचं बँडच्या वाद्यांचं दुकान आहे; तरुणपणी ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचे. पानावर मोकळी जागा दिसली की अण्णांना ती पडीक रानासारखी वाटते. प्रत्येक लेखाच्या नावापुढे लेखकाचा गोल फोटो, गोलाला सोनेरी कड. खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांचे फोटो लेखकांपेक्षा मोठे, कारण लेखक फक्त लिहितात. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवून आडवा केला की ‘ठेका’ची अनुक्रमणिका तयार होते, असं मी एकदा गमतीने म्हणालो, तर अण्णा म्हणाले, “हाव! तसंच पायजे. लांबून दिसलं पायजे.” अनुक्रमणिका लांबून कोण वाचणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिथं मानाची जागा म्हणजे पहिली ओळ. वरातीत बँडमास्तर पुढे चालतो, तसं.

अंक निघाला की दोघांचे फोन सुरू होतात. दिगंबरराव ‘ठेका’च्या पानाचा फोटो पाठवून म्हणतात, “माधवराव, हे पाहिलंत? अनुक्रमणिका आहे की वरात निघाली आहे? ज्याने हे लावलं असेल त्याला सौंदर्यदृष्टी म्हणून काही आहे का?” मी म्हणतो, “नाही, सर.” तासाभराने अण्णा ‘मींड’चं पान पाठवतात. “माधवराव, ह्ये बघा लातूरवाल्यांचं. नुस्ती रिकामी जागा! कागद काय सासऱ्याकडून आला का? कोण येडा लावून राहिला असं पान?” मी म्हणतो, “कुणास ठाऊक, अण्णा.” दोन्ही टीका मला मनापासून पटतात.

या धंद्यात गिऱ्हाईक विचित्र भेटतं असं नाही. साधं गिऱ्हाईक भेटलं की विचित्र वाटतं. एक गझलगायक होते. लेखाचं नाव आणि पान क्रमांक यांना जोडणारी ठिपक्यांची रेघ असते ना, तिच्यावरून ते भांडायला आले. त्यांच्या लेखाचं नाव छोटं, त्यामुळे ठिपके जास्त. त्यांचं म्हणणं, “इतरांना पान जवळ दिलंय, मलाच लांब.” पुढच्या वेळी त्यांनी लेखाचं नाव एवढं लांबवलं की ठिपक्यालाच काय, पान क्रमांकालाही जागा उरली नाही. ते खूश होते. त्यांचा लेख कुठे आहे हे मात्र त्या महिन्यात कुणालाच कळलं नाही.

एकदा दिगंबररावांना वाटलं, संगीताच्या मासिकाची अनुक्रमणिका पानांच्या क्रमाने कशी? ती रागांच्या समयाप्रमाणे हवी. पहाटेच्या रागावरचा लेख आधी, रात्रीच्या रागावरचा शेवटी. लेख मात्र छापखान्याच्या सोयीने बसले होते. त्यामुळे पान क्रमांक आधी एकसष्ट, मग बारा, मग चाळीस असे उड्या मारत गेले. मी भीत भीत म्हणालो, “सर, वाचक गोंधळेल.” ते म्हणाले, “गोंधळू द्या. भैरव ऐकायचा तर पहाटे उठावंच लागतं.”

मुखेडकडच्या एका भजनी मंडळाच्या प्रमुखांचा किस्सा मात्र माझ्या मनाला फार लागून राहिला. लक्ष्मणबुवा त्यांचं नाव. ‘ठेका’मध्ये त्यांच्या मंडळावरचा लेख अनुक्रमणिकेत होता, गोल फोटोसकट. त्या पानावर प्रत्यक्षात बियाण्यांची जाहिरात. ऐनवेळी जाहिरात आली, लेख निघाला आणि अनुक्रमणिकेतली ओळ काढायला मी विसरलो. पुढचे कित्येक दिवस मला झोप नाही. शेवटी एसटीने मुखेडला गेलो, माफी मागायला. बुवांनी बसवलं, चहा दिला आणि भिंतीकडे बोट केलं. अनुक्रमणिकेचं पान फाडून, लॅमिनेशन करून, हार घालून लावलेलं. “सगळ्या मंडळानं एकेक प्रत घेतली,” बुवा म्हणाले. मी चाचरत विचारलं, “आणि लेख... लेख कसा वाटला?” बुवा म्हणाले, “कुठला लेख?” मी चहा संपवला आणि माफी तशीच खिशात घेऊन परत आलो. अजून खिशातच आहे.

आता इरण्णा मास्तरांचं सांगतो. हे गेल्या दिवाळीतलं.

इरण्णा मास्तर उदगीरचे. तबला वाजवतात. बाजारात डाळमिलच्या मागे त्यांची एक खोली आहे, तिथे शिकवतात. मिलचा आवाज शिकवणीत येतो, मास्तर म्हणतात, “ह्यो पट्टा काय लय सोडत न्हाई बघ, पोरांनो. तुम्हीच सोडता.” घरात कानडी, बाहेर मराठी, चिडले की दोन्ही. मला ते तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दिगंबरराव तरुणपणी गायला लागले तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताला तबल्यावर मास्तरच. दुसरा कुणी वाजवायला बसला की सरांची लय सुटते, हे लातूरला सगळ्यांना ठाऊक आहे. सर म्हणतात, दुसऱ्याची लय सुटते.

त्या मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा लेख लिहिला. ‘डग्ग्यावरचा हात’. गायकाला जे ऐकू येत नाही ते शेजारी बसलेल्या तबलजीला काय काय ऐकू येतं, त्याच्यावर. लेख सुरेख होता. तो त्यांनी ‘मींड’साठी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तम्मा, एकच म्हणणं हाय. त्या तुझ्या करड्या चौकटीत मला घालायचं न्हाई.”

ही चौकट काय ते सांगितलं पाहिजे. मैफिलीच्या पत्रिकेवर गायकाचं नाव ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘साथसंगत’ म्हणून तबला-पेटीवाल्यांची नावं. दिगंबररावांनी तीच रीत अनुक्रमणिकेत आणली. गायकांनी लिहिलं तर स्वतंत्र ओळ, लेखाचं नाव, पान क्रमांक. वादकांनी लिहिलं तर पानाच्या तळाशी एक करडी चौकट, तिच्यात ‘साथसंगत’ आणि पुढे सगळ्यांची नावं स्वल्पविराम देऊन. लेखाचं नाव नाही, पान क्रमांकही नाही. ज्याला वाचायचं त्याने शोधावं. ही चौकट मीच आखलेली. कोपरे गोल करून, करडा रंग किती टक्के ठेवावा यावर दोन दिवस घालवून. तेव्हा मला ती फार नाजूक वाटली होती.

“माझं नाव एका ओळीत पायजे,” मास्तर म्हणाले. “पुढं लेखाचं नाव, पुढं पान. बस. तसं झालं तर दिवाळी पहाटेला सरांच्या संगं बसतो. न्हाई झालं तर न्हाई बसत. आणि ह्या वेळी न्हाई बसलो तर पुन्हा कधीच न्हाई.”

“मास्तर, एका ओळीसाठी?”

“तुला ती ओळ वाटून राहिली, तम्मा. चौकटीत जन्म गेलाय माझा.”

मी लातूरला गेलो. दिगंबररावांनी लेख वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, “छान. चौकटीत घ्या.”

“सर, त्यांना स्वतंत्र ओळ हवी आहे.”

“ओळ?” सरांनी चष्मा काढला. “माधवराव, मी गातो तेव्हा तबला मंचाच्या मधोमध असतो का? बाजूला असतो. त्यात कमीपणा नाही. ती रचना आहे.”

“ते म्हणतात, नाहीतर पहाटेला वाजवणार नाहीत.”

दिवाळी पहाट म्हणजे ‘मींड’चा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्याच मंचावर अंकाचं प्रकाशन, मग सरांचं गाणं. तिकिटं नसतात, फराळ असतो, त्यामुळे गर्दीही असते. सरांनी चष्मा परत चढवला आणि एकदम प्रसन्न होऊन म्हणाले, “मग असं करा. पहिली ओळ द्या त्यांना. सगळ्यात वर.”

मला भरून आलं. त्या आठवड्यात सकाळी ‘ठेका’ आणि दुपारी ‘मींड’ असं काम चाललं होतं. पहिली ओळ म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात अण्णांनी पक्कं बसवलेलं. एका तबलजीला संपादकाने डोक्यावर घेतलं, आणि तेही माझ्या शब्दावरून! आयुष्यभराच्या अपराधांतून थोडी सूट मिळाल्यासारखं वाटलं. पान लावलं, प्रूफ काढलं आणि फोन न करता थेट उदगीरची गाडी पकडली.

मास्तर पोरांना तबल्यातला एक कायदा, म्हणजे बोलांची बांधीव रचना, सांगत होते. मी प्रूफ पुढे धरलं. “मास्तर, बघा! चौकट नाही, काही नाही. पहिली ओळ!”

मास्तरांनी कागद लांब धरून वाचला. मग पोरांना म्हणाले, “जावा रे, उद्या या.” पोरं गेली. मागे मिल चालू होती.

“तम्मा, मैफिलीत पहिलं कोण गातं?”

“कोण?”

“शिकाऊ पोरं. लोक येऊन बसस्तोवर, सतरंजी गरम व्हावी म्हणून. त्येच्यानंतर जरा मोठी माणसं. आणि सगळ्यात मोठा माणूस कधी बसतो?”

“शेवटी,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझी नजर प्रूफातल्या शेवटच्या ओळीवर गेली.

“सर सोताला कुठं घालून घेतात, दर वर्षी?”

“शेवटी.”

“तुला काय वाटलं, का?”

मी खरं ते सांगितलं. “मला वाटलं, विनय.”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन पुन्हा हसले. “अय्यो! विनय! सरांचा!” मग डोळे पुसत म्हणाले, “लोकांना वाटंल मान दिला. ज्येला कळतं त्येला वाटंल, म्हातारपणी पोरांत बसवला. दोन्ही हात साफ. सर हुशार हायेत.”

आणि मी मूर्ख होतो, हे ते बोलले नाहीत. न बोलताही खोलीत ते व्यवस्थित ऐकू येत होतं. मी म्हणालो, “मास्तर, पान अजून माझ्या हातात आहे. तुम्हाला शेवटी घालतो. सरांना छापून झाल्यावर कळेल.”

“न्हाई,” मास्तर ताडकन म्हणाले. “सरांच्या जागेवर मला बसायचं न्हाई. माझी मला पायजे.” त्यांनी कागद पुन्हा वाचला. “पहिला घातलाय न्हवं? राहू दे. छाप.”

“आणि पहाटेला?”

“वाजवणार की. पहिला घातलाय म्हणल्यावर वाजवायलाच पायजे.”

मी सरांना फोनवर सांगितलं, मास्तर येणार. सर म्हणाले, “पाहिलंत ना, माधवराव? माणसाला मान दिला की सगळं सुरळीत होतं.” हे ऐकून मी फोन ठेवला, आणि दिवाळीपर्यंत रोज तो उचलून परत ठेवत राहिलो. सरांना सावध करावं, तर मास्तरांच्या मनात काय आहे ते मलाच माहीत नव्हतं.

दिवाळी पहाट लातूरच्या एका मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर होती. हवेत गारवा, मंचावर झेंडूच्या माळा, लोक अत्तर लावून आणि मफलर गुंडाळून. मागच्या रांगेत बालाजीअण्णा दिसले. विचारलं तर म्हणाले, “फराळाला आलो.” अंकाचं प्रकाशन झालं आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे निवेदिकेने अख्खी अनुक्रमणिका मोठ्याने वाचायला घेतली. ही रीत फार सोयीची आहे. एकदा ऐकली की अंक वाचायची गरज उरत नाही.

“पहिला लेख,” ती म्हणाली, “डग्ग्यावरचा हात. लेखक इरण्णा मास्तर. पान पाच.”

टाळ्या झाल्या. मास्तर मंचावरच होते, तबल्याच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी मारून तो सुरात लावत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि निवेदिकेकडे माइकसाठी हात केला. तिला वाटलं, आभार मानतील. दिला.

“सगळ्यांना नमस्कार. सरांनी या वर्षी मला पहिला घातलाय,” मास्तर म्हणाले. “‘मींड’मधी पहिला म्हणजे मैफिल उघडायची. सरांचा शब्द मी कधी मोडला न्हाई. तर उघडतो. तीनताल. थोडं एकट्यानं वाजवीन. लेहरा सर धरतील.”

लेहरा म्हणजे काय, ते न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. तबलजी एकटा वाजवतो तेव्हा शेजारी पेटीवर कुणीतरी एकच सुरावट तालाच्या आवर्तनात फिरवत ठेवावी लागते. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, सरळ. तिच्यात आपली कला दाखवायची नाही, लय हलवायची नाही. तबलजीने तिच्यावर उभं राहून काय हवं ते करायचं. थोडक्यात, लेहरा म्हणजे साथ.

सर पुढच्या खुर्चीवर प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी होते. त्यांचा चेहरा मला दिसला आणि मी लगेच झेंडूकडे बघायला लागलो. नाही म्हणावं, तर समोर अख्खं लातूर, आणि तासाभराने त्याच तबल्याच्या आधाराने गायचं होतं. पेटीवर बसलेल्या बँकेतल्या कुलकर्णींनी पेटी इतक्या तत्परतेने सरकवून दिली की ते स्वतःही दर वर्षी चौकटीत असतात, हे मला तेव्हा आठवलं. सर उठले. शाल खांद्यावर नीट घेतली, मंचावर गेले आणि मास्तरांच्या डाव्या हाताला बसले.

मास्तर वाजवायला लागले. त्यांचा एकट्याचा तबला मी कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. डग्ग्यावर हात घासत नेला की खालून हिरवळ हलल्यासारखी वाटायची. सर भाता मारत होते, तीच ओळ फिरवत होते, आणि सम आली का ते कळायला मान वळवून मास्तरांच्या हाताकडे बघत होते. मास्तर सरांकडे बघत नव्हते. मधेच सरांमधल्या गवयाला राहवलं नाही; ओळीच्या शेवटी त्यांनी सुरांची एक छोटीशी हरकत घेतली. मास्तरांनी न थांबता फक्त भुवई वर केली. पुढचं आवर्तन सरळ आलं. मागून अण्णांचा आवाज, “वा, मास्तर! लई भारी झालं!”

किती वेळ वाजवलं सांगता येणार नाही. निवेदिकेने दोनदा घड्याळ बघितलं आणि नंतर तीही बघायची थांबली. मग मास्तरांनी तिहाई घेतली, एकच तुकडा तीनदा, ती नेमकी समेवर येऊन पडली आणि लोक उभे राहिले.

सरांचा हात अजून भात्यावर होता. घाम पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. टाळ्या ओसरल्यावर ते मास्तरांकडे झुकले. माइक चालूच होता, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

“मास्तर, लय कुठे हलली का हो माझी?”

मास्तर हाताची पावडर झटकत होते. त्यांनी थोडा विचार केला.

“मधी जरा पळाला, सर,” ते म्हणाले. “होईल सवय.”

मग त्यांनी हातोडी उचलली आणि तबला सरांच्या सुरात लावायला घेतला.